वैमानिकांची स्मरणसूत्रे : तापीखोऱ्याच्या संदर्भात एक भाषिक विचार

१. विषयाची व्याप्ती

स्मरणात ठेवावयाचा मजकूर रुक्ष व विस्कळीत असला म्हणजे त्याला एखादे लहानसे ध्वनिरूप देऊन तो कायम करण्याची युक्ती सर्व भाषांतून आढळते. या ध्वनिरूपाला स्मरणसूत्र म्हणता येईल. विमान चालविणाऱ्यांच्या व्यवहारात अशा सूत्रांना विशेष स्थान आहे. वैमानिकाचे हात व डोळे एकाच वेळी गुंतलेले असतात, निर्णयास अवधी थोडा असतो आणि विसरण्याची किंमत मोठी असते. म्हणून ही सूत्रे मौजेचा विषय नसून व्यवसायाच्या साधनांपैकी एक साधन होत.

या सूत्रांचा विचार तापीच्या खोऱ्याला धरून करण्यास एक कारण आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिक्षणकार्य पूर्वी जुहूच्या धावपट्टीशी निगडित होते. एकविसाव्या शतकात वैमानिक-शिक्षण धुळे व शिरपूर येथे आले आणि खानदेशच्या आकाशात शिकाऊ विमाने दिसू लागली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या धावपट्ट्यांच्या लगत पश्चिमेस आहे. या जिल्ह्यात मराठीबरोबर अहिराणी, भिलोरी, पावरी, मावची, गुजरी अशा बोली नांदतात. तेथील तरुणाने वैमानिक व्हावयाचे ठरविले तर त्याला स्मरणसूत्रे मिळतात ती मात्र सर्व इंग्रजी. परभाषेतील यमक व श्लेष यांवर उभे असलेले सूत्र त्याच्या स्मरणास कितपत साहाय्य करते, आणि ते आपल्या भाषेत नव्याने रचता येईल काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. आद्याक्षरांची सूत्रे

पहिला वर्ग आद्याक्षरी सूत्रांचा. विमान उतरविण्यापूर्वी ज्या गोष्टी तपासावयाच्या त्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जुळवून ‘गम्प्स’ असा शब्द वैमानिकांनी बनविला आहे. इंधन, चाके, इंधन-हवेचे मिश्रण, पंखा आणि आसनाचा पट्टा हे त्यातील पाच घटक. उड्डाणापूर्वी स्वतःची प्रकृती तपासण्यासाठी ‘आयम सेफ’ असे दुसरे सूत्र आहे. आजार, औषध, मानसिक ताण, मद्य, थकवा आणि आहार यांची आद्याक्षरे जोडून ते बनते आणि वाचताना ‘मी सुरक्षित आहे’ असा अर्थ देते.

या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘गम्प्स’ या ध्वनीचा विमानाच्या चाकांशी वा इंधनाशी काहीही संबंध नाही. तो केवळ उच्चारावयास सोपा आहे. ‘आयम सेफ’ मध्ये मात्र सूत्राचा अर्थ व सूत्राचे प्रयोजन एकच आहेत. आठवण होते ती शब्दाची आणि प्रश्नाचीही. तथापि या दुसऱ्या सूत्रालाही पाठभेदाने ग्रासले आहे. त्याच्या शेवटच्या अक्षराचा अर्थ कोणी ‘आहार’ असा लावतात, तर कोणी ‘भावना’ असा. प्राचीन ग्रंथांच्या संपादनात जी अडचण येते तीच येथे आहे. अक्षर टिकले, अर्थ सरकला. आद्याक्षरी सूत्राचा हा अंगभूत दोष होय. अक्षर हे केवळ खुंटी असते, आणि खुंटीवर काय टांगले होते हे खुंटी सांगत नाही.

भारतीय परंपरेत आद्याक्षरांचा उपयोग याहून पुष्कळ सूक्ष्म रीतीने झाला आहे. पाणिनीचे ‘अच्’, ‘हल्’ इत्यादी प्रत्याहार म्हणजे वर्णमालिकेच्या आरंभाचा वर्ण व अंती येणारा खुणेचा वर्ण यांनी मधल्या सर्व वर्णांचा केलेला निर्देश. छंदःशास्त्रातील ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र तर याच्याही पुढे जाते. त्यातील पहिल्या आठ अक्षरांपैकी कोणतेही एक घ्यावे. ते गणाचे नाव झाले. त्याच्यापुढील दोन अक्षरे त्याला जोडावी. त्या तिहींचा लघुगुरुक्रम हेच त्या गणाचे लक्षण झाले. ‘य’पासून ‘यमाता’, म्हणजे लघु, गुरु, गुरु. येथे खुंटी व तिच्यावरील वस्तू एकच आहेत. नाव आठवले की लक्षण आपोआप हाती येते, आणि पाठभेदास जागाच उरत नाही.

३. यमक आणि श्लेष

दुसरा वर्ग यमकाच्या व श्लेषाच्या सूत्रांचा. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवीत नाही. ती चुंबकीय उत्तर दाखविते. या दोहोंतील कोनाला दिक्पात म्हणतात. नकाशावरील खऱ्या दिशेवरून चुंबकीय दिशा काढताना दिक्पात पूर्वेचा असल्यास तो वजा करावयाचा आणि पश्चिमेचा असल्यास मिळवावयाचा, हा नियम. इंग्रजी सूत्र म्हणते : ‘ईस्ट इज लीस्ट, वेस्ट इज बेस्ट’. शब्दशः अर्थ, ‘पूर्व सर्वांत कमी, पश्चिम सर्वांत उत्तम’. ‘उत्तम’ या शब्दाचा बेरजेशी काय संबंध? काहीच नाही. ‘वेस्ट’शी जुळणारा दुसरा सोपा शब्द नव्हता, म्हणून तो आला. तरीही सूत्र टिकले, कारण इंग्रजी भाषकाचा कान ‘लीस्ट’ व ‘बेस्ट’ यांच्या विरोधातून वजाबाकी व बेरीज यांचा विरोध उचलतो.

या सूत्राचे मराठीत शब्दशः भाषांतर केले तर यमक नाहीसे होते व केवळ एक निरर्थक विधान हाती राहते. नुसत्या यमकाच्या मागे लागून ‘पूर्व उणे, पश्चिम दुणे’ असे रचले तर कानाला गोड लागेल. परंतु ‘दुणे’ म्हणजे दुप्पट, आणि नियम दुपटीचा नाही. गोड परंतु चुकीचे सूत्र हे सूत्र नसण्यापेक्षा घातक होय. त्याउलट ‘पूर्व वजा, पश्चिम जमा’ अशी रचना केल्यास पूर्ण यमक साधत नाही. पण ‘वजा’ व ‘जमा’ ही जोडी हिशेबाच्या वहीतून प्रत्येक मराठी माणसाच्या परिचयाची आहे आणि ती नेमकी क्रिया सांगते.

दुसरे उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. समोरासमोरून येणारी विमाने एका उंचीवर येऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा की चुंबकीय मार्ग ० ते १७९ अंशांत, म्हणजे पूर्वेकडे, असेल तर हजार फुटांच्या विषम पटीची उंची घ्यावी आणि १८० ते ३५९ अंशांत, म्हणजे पश्चिमेकडे, असेल तर सम पटीची. केवळ डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानांनी त्यात आणखी ५०० फूट मिळवावयाचे. म्हणजे पूर्वेकडे ५,५०० वा ७,५०० फूट, तर पश्चिमेकडे ४,५०० वा ६,५०० फूट. यासाठीचे इंग्रजी सूत्र ‘ईस्ट इज ऑड, वेस्ट इज ईव्हन ऑडर’ असे आहे. ‘ऑड’ म्हणजे विषम आणि विचित्रही. ‘ईव्हन’ म्हणजे सम आणि ‘आणखीच’ही. ‘पूर्व विचित्र, पश्चिम त्याहून विचित्र’ असे थट्टेचे वाक्य आणि त्याच्या पोटात उंचीचा नियम, असा हा दुहेरी श्लेष आहे. ज्याला इंग्रजीतील ही थट्टा सहजी कळते त्याच्या मनात ते कायमचे बसते. ज्याला ती समजावून घ्यावी लागते त्याला मात्र एका नियमाऐवजी दोन गोष्टी पाठ कराव्या लागतात, एक नियम आणि दुसरी थट्टा.

वैमानिकांची अनेक सूत्रे थट्टेखोर, काही तर असभ्यही असतात. त्याचे कारण उघड आहे. अनपेक्षित व किंचित लज्जास्पद गोष्ट स्मरणात घट्ट बसते. परंतु विनोद हा भाषेचा सर्वांत कमी भाषांतरक्षम भाग असल्याने परभाषक विद्यार्थ्याला त्याचा लाभ सर्वांत कमी मिळतो.

४. तापीचे सूत्र व त्याची मर्यादा

उपर्युक्त नियमासाठी नंदुरबारच्या भूमीतून एक सूत्र सहज रचता येते. तापी या जिल्ह्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या प्रवाहाबरोबर जाणाऱ्याचा मार्ग पश्चिमेचा, म्हणून उंची सम. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याचा मार्ग पूर्वेचा, म्हणून उंची विषम. ‘तापीसंगे सम, तापीविरुद्ध विषम’ असे म्हटले की ‘सं’ व ‘स’ आणि ‘वि’ व ‘वि’ यांच्या अनुप्रासाने नियम बांधला जातो. येथे श्लेष नाही आणि थट्टाही नाही. शिवाय सूत्राचा आधार खिडकीतून खाली दिसतो.

परंतु याच ठिकाणी सावध राहावयास हवे. सूत्रातील ‘तापी’ हा शब्द गळून ‘नदीसंगे सम’ एवढेच स्मरणात राहिले तर काय होईल? नर्मदेवर ते खरे ठरेल, कारण तीही पश्चिमवाहिनी आहे. पण सह्याद्रीच्या रांगा ओलांडून विमान गोदावरीच्या खोऱ्यात गेले की नदी पूर्ववाहिनी होते आणि तेच सूत्र वैमानिकाला नेमके समोरून येणाऱ्या विमानाच्या उंचीवर नेऊन ठेवते. स्थानिक आधार सूत्राला बळ देतो आणि त्याच्या सत्यतेला सीमाही घालतो. ती सीमा सूत्राच्या शब्दांतच नोंदलेली असली पाहिजे. ‘तापी’ हे नाव तेथे शोभेसाठी आलेले नसून अट म्हणून आलेले आहे.

इंग्रजी सूत्रांनाही अशी भूमी असते. फक्त ती लपलेली असते. दिक्पाताचे सूत्र ज्या देशांत रूढ झाले तेथे दिक्पात मोठा होता. अमेरिकेच्या वायव्य व ईशान्य टोकांना तो आजही दहा अंशांहून अधिक आहे, एकीकडे पूर्वेचा व दुसरीकडे पश्चिमेचा. तापीच्या खोऱ्यात तो एका अंशाहूनही कमी आहे. म्हणून येथे शिकणाऱ्याने सूत्र उलटे लावले तरी चूक जवळजवळ दिसत नाही. ती दिसते तो परदेशी जाऊन उडू लागतो तेव्हा. भारतातील या चुंबकीय मापनांचा एक जुना आधार महाराष्ट्रातच आहे. मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा टाळण्यासाठी कुलाब्याचे चुंबकीय मापन १९०४ साली अलिबागच्या वेधशाळेत नेण्यात आले.

होकायंत्राच्या वळणदोषाचेही तसेच. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीकडे कललेल्या असतात व त्यामुळे वळताना सुई फसवी दिशा दाखविते. उत्तर गोलार्धातील सूत्र सांगते की उत्तरेकडे वळताना इच्छित आकडा येण्यापूर्वीच वळण थांबवावे, दक्षिणेकडे वळताना तो ओलांडून थांबवावे. दक्षिण गोलार्धात हे सर्व उलट होते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. तेथे बलरेषांचा कल शून्यावर येतो आणि हा दोषही नाहीसा होतो. नंदुरबारला तो आहे, पण लंडनच्या मानाने पुष्कळ सौम्य. सूत्रात मात्र गोलार्धाचे नाव नाही. ज्यांनी ते रचले त्यांना दुसरा गोलार्ध आठवण्याचे कारण पडले नसावे.

५. मोजमापाचे सूत्र

तिसरा वर्ग संख्येच्या सूत्रांचा. त्यांचा उत्तम नमुना म्हणजे ‘साठास एक’. साठ सागरी मैल गेल्यावर विमान मार्गापासून एक सागरी मैल बाजूस आढळले तर दिशेची चूक एका अंशाची समजावी. साठ त्रिज्येच्या वर्तुळावर एका अंशाचा कंस सुमारे १.०५ असतो, यावर हे सूत्र उभे आहे. ते भाषेवर अवलंबून नाही, भूमितीवर आहे. म्हणून कोणत्याही भाषेत तितकेच चालते.

शिरपूरहून सुरतेकडे नकाशावर सरळ रेषा काढली तर ती सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांची भरते. ती नंदुरबार शहराच्या किंचित दक्षिणेकडून जाते आणि नवापूरच्या बाजूस पोचते तेव्हा जवळजवळ निम्मी, म्हणजे सुमारे साठ सागरी मैल, झालेली असते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या डाव्या अंगाने समोरून येणारा. तो विमानाला उजवीकडे, सातपुड्याच्या बाजूस रेटतो. समजा, नवापूरच्या रेखांशावर येताना विमान रेषेच्या तीन सागरी मैल उत्तरेस आढळले. सूत्रानुसार चूक तीन अंशांची. रोख तीन अंशांनी डावीकडे केल्यास विमान रेषेला समांतर जाईल. पुढील अंतरही तितकेच असल्यामुळे सुरत गाठण्यासाठी आणखी तीन, असे एकूण सहा अंश डावीकडे वळावे लागेल. हे गणित कागदाशिवाय होते.

ही चूक सुधारली नाही तर उत्तरेस उंच होत जाणारी जमीन आहे. अक्राणीच्या डोंगरांतील अस्तंभा शिखर सुमारे १,३२५ मीटर, म्हणजे ४,३०० फुटांहून अधिक उंच आहे. पश्चिमेस जाणाऱ्याला नियमाने मिळणारी ४,५०० फुटांची उंची ढगाळ दिवशी त्या बाजूस किती अपुरी ठरेल हे यावरून ध्यानी येईल. ‘सम’ हा शब्द विमानाला दुसऱ्या विमानापासून वाचवितो, डोंगरापासून नव्हे. एका सूत्राने एकच प्रश्न सुटतो, हे विसरणे हाच सूत्रांवरील अतिविश्वासाचा आरंभ होय.

पाढ्यांवर वाढलेल्या मराठी मनाला संख्येची सूत्रे परकी वाटू नयेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी यांनी बाजारातील अपूर्णांकांचे गणित पिढ्यानुपिढ्या तोंडी चालविले. त्यांतही लय हा वाहक होता आणि आकडा हा माल. फक्त मालाची खातरजमा केव्हाही करता येत असे.

६. स्मरण, यादी आणि प्रत्युच्चार

१९५६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी असे प्रतिपादिले की मनुष्य एका वेळी सुमारे सात, अधिक-उणे दोन, घटक मनात धरू शकतो. पुढील संशोधनाने ही संख्या चारच्या आसपास आणली. विमानाच्या तपासणीतील बाबी याहून कितीतरी अधिक असतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे चार एंजिनांचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. उभ्या विमानाची सुकाणूपृष्ठे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहिला होता. चालक अनुभवी होते. या घटनेनंतर लेखी तपासणी-यादीची पद्धत रूढ झाली.

तेव्हापासून कामाची विभागणी अशी आहे. जेथे अवधी आहे तेथे यादी वाचावयाची. जेथे तो नाही तेथे स्मरणसूत्र. आणीबाणीत आधी विमान सांभाळावे, मग मार्ग पाहावा, मग बोलावे, हा तीन पायऱ्यांचा क्रम दुसऱ्या प्रकारचा होय. १९७२ साली फ्लोरिडात एका मोठ्या प्रवासी विमानातील सर्व चालक चाकांच्या एका न पेटणाऱ्या दिव्यात गुंतले आणि उंची कमी होत असल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. सुमारे शंभर माणसे मृत्यू पावली. या सूत्रातील पहिल्या पायरीचे महत्त्व त्या घटनेने पटविले.

बोलण्याच्या क्षेत्रात भाषाशास्त्राचा प्रत्यक्ष हातभार लागला आहे. बिनतारी संदेशात अक्षरे ओळखण्यासाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ अशी जी शब्दावली १ मार्च १९५६ पासून अमलात आली, तिच्या सिद्धतेत माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांचा वाटा होता. निरनिराळ्या ३१ राष्ट्रांच्या भाषकांवर शब्दांची परीक्षा घेण्यात आली. आकडेही सुटेसुटे उच्चारावयाचे असतात. ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांची गल्लत ज्याने बाजारात ऐकली आहे त्याला याचे कारण निराळे सांगावयास नको.

ऐकलेली आज्ञा वैमानिकाने परत उच्चारून दाखवावयाची असते. वेदपठणातील क्रमपाठ व जटापाठ यांचे तत्त्व हेच. तेच पद निराळ्या जोडणीत पुन्हा आले की चूक स्वतःच उघडी पडते. परंतु प्रत्युच्चार ध्वनीची खात्री देतो, अर्थग्रहणाची नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. एका विमानास १५,००० फुटांवर थांबण्याची आज्ञा होती. ते त्याखाली, दुसऱ्याच्या १४,००० फुटांच्या पातळीकडे उतरत गेले. त्या चालकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे या दुर्घटनेच्या चर्चेतील एक मुख्य सूत्र ठरले आणि पुढे वैमानिकांच्या भाषाज्ञानाविषयीचे आंतरराष्ट्रीय निकष कडक झाले.

७. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वैमानिकाने आकाशात बोलावयाची भाषा इंग्रजी राहणार. तीत मराठीची भेसळ करणे धोक्याचे होय. दुसरी, स्मरणाची भाषा मात्र खाजगी असते. मनातल्या मनात कोणत्या भाषेत आठवावे यावर कोणताही नियम बंधन घालीत नाही. विद्यार्थ्याला ‘गम्प्स’ बोजड वाटत असेल तर इंधन, चाके, मिश्रण, पंखा, पट्टा यांपासून ‘इंचामिपंप’ असा शब्द त्याने करावा. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात स्वर सामावलेला असल्यामुळे अशी जुळणी उच्चारक्षम होते. पावरी वा अहिराणी बोलणाऱ्याने ती आपल्या बोलीत करावी.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी आहे. सूत्र भाषांतरित होत नाही, ते पुन्हा रचावे लागते. आणि रचण्यापूर्वी नियम कळावा लागतो. ‘साठास एक’ म्हणणाऱ्याला कंस काढून दाखवता आला पाहिजे, आणि ‘तापीसंगे सम’ म्हणणाऱ्याला गोदावरीवर काय होईल हे सांगता आले पाहिजे. शिकविताना सूत्राबरोबरच ते कोठे लागू पडत नाही हेही विचारण्याची पद्धत ठेवली, तर शिरपूरच्या धावपट्टीवर पाठ केलेले सूत्र दुसऱ्या गोलार्धातही विद्यार्थ्याला फसविणार नाही.